तीन वर्षांच्या मुलाच्या कानाच्या मशीनचं रोज काय तपासायचं?

तुम्ही देवगडचे, मुलाला नुकतीच दोन्ही कानांना मशीनं लागलीत आणि रोज नेमकं काय बघायचं असं विचारलंय. माझी मुलगी आता सात वर्षांची आहे. आम्ही मालवणात राहतो, म्हणजे हवा तुमच्यासारखीच.

एक गोष्ट चुकवू नका. सकाळी मशीन त्याच्या कानात घालण्याआधी तुम्ही ऐका. ऐकणं तपासून मशीन लावून देणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे त्यासाठी स्टेथोस्कोपसारखी नळी मिळते. ती मशीनला लावून हळू आवाजात बोलायचं, जोरात बोललात तर तुमचाच कान दुखेल. आवाज तुटतोय, खरखरतोय का ते लगेच कळतं. एवढी लहान मुलं 'मशीन बंद आहे' असं सांगत नाहीत. पहिल्या पावसाळ्यात आमची मुलगी दोन दिवस हाकेला ओ देईना. सासूबाई म्हणाल्या हट्टी झालीय, मीही तिच्यावर ओरडले. तिसऱ्या दिवशी मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा आत बसणारा भाग, उजेडात धरला तर त्याला मशीनशी जोडणाऱ्या दोन्ही ट्यूबमध्ये पाण्याचे थेंब! मशीन चालू, आवाज थेंबापाशी अडकलेला. अजून वाईट वाटतं.

म्हणून ट्यूबमधलं पाणी उडवायला फुंकणी घ्या, रबरी फुग्याची. तोंडाने फुंकू नका, वाफ आत जाते. मोल्ड मशीनपासून सोडवून कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकल्यावरच जोडा. मशीनला मात्र पाणी लावायचं नाही. रात्री सेलचं दार उघडं ठेवून सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ते बदला. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला आम्हालाही मिळाला होता, पण कणी-पीठ माइकच्या भोकात जातं.

मशीन घातल्यावर तोंडापुढे कापड धरून आ, ई, ऊ, म, स, श म्हणा. ऐकू आलं की त्याने ठोकळा टोपलीत टाकायचा. आमच्याकडे दात घासण्याआधी हाच खेळ. एरवी ऐकू येणारा 'स' एखाद्या दिवशी चुकला तर ट्यूब, सेल पुन्हा बघा. तरीही चुकत राहिला तर ऑडिओलॉजिस्टला कळवा.

खोबरेल लावायचं तर मशीन काढून, घालण्याआधी कान पुसून. सेलचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवा. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. जुने सेलही त्याच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट हॉस्पिटल.

आणि शिट्टी वाजायला लागली तर मशीनचा आवाज कमी करू नका. मोल्ड नीट बसलाय का, कानात मळ आहे का ते बघून घ्या. दोन्ही ठीक असेल तर बहुधा कान वाढलाय, नवा मोल्ड करायला टाका.