मनातलं वाक्य बदलायचं कसं?

प्रश्न : 'जसा विचार, तसा माणूस' असं ऐकून रोज सकाळी आरशासमोर 'मी हुशार आहे, मी यशस्वी आहे' असं म्हणते. पण नंतर उलट जास्तच खट्टू व्हायला होतं. माझं काय चुकतंय?

उत्तर : ताई, रोज म्हणण्याचा नेम चुकलेला नाही, वाक्य चुकलंय. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोअन वुड यांच्या २००९ सालच्या अभ्यासात हेच दिसलं होतं. स्वतःबद्दल आधीच कमी मत असलेल्यांना अशी गोड वाक्यं घोकून जास्त वाईट वाटलं. न पटणारं वाक्य म्हटलं की मन लगेच उलट पुरावे काढून बसतं. त्यापेक्षा पटेल तेवढंच बोला : 'इंग्रजी बोलताना अडखळते, पण ईमेल नीट लिहिता येतो.'

प्रश्न : वाईट विचार आपण कुठे निवडतो? ते येतातच. मग नेमकं करायचं काय?

उत्तर : पहिला विचार निवडता येत नाही, हे खरंच. तो दाबायलाही जाऊ नका. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ सालच्या प्रयोगात 'पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका' असं ज्यांना आधी बजावलं, त्यांच्या डोक्यात मोकळीक मिळाल्यावर ते अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. निवड असते ती त्या विचाराला काय उत्तर द्यायचं याची. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास यावर विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली. आपल्याकडे ती कि. मो. फडके यांनी रुजवली.

वहीचं पान आडवं धरून पाच रकाने आखा : घटना, मनातलं वाक्य, भावना, उलटतपासणी, नवं वाक्य. समजा, मीटिंगमध्ये साहेबांनी तुमच्या रिपोर्टमधली चूक दाखवली. पहिल्या रकान्यात एवढंच लिहा. 'सगळ्यांसमोर अपमान केला' हा तुम्ही लावलेला अर्थ झाला, त्याची जागा दुसऱ्या रकान्यात. तिथे वाक्य जसंच्या तसं उतरवा : 'माझ्याकडून चूक होताच कामा नये. आता सगळे मला बिनकामाचा समजणार.' तिसऱ्यात भावना आणि शंभरपैकी तिची तीव्रता : शरम, ८०. चौथ्यात तीन प्रश्न विचारा. पुरावा काय? चूक होऊच नये असा नियम कुठे आहे? हे धरून बसल्याने माझं काही भलं होतंय का? मग पाचव्यात : 'चूक टाळता आली असती तर बरं झालं असतं. बेरजा मी पुन्हा तपासल्या नव्हत्या. तेवढ्याने मी बिनकामाचा ठरत नाही.' आता शरम पुन्हा मोजा. ती ४०-५० वर आली तरी पुष्कळ. शून्याचा हट्ट नको. थोडी खंत उरायलाच हवी, पुढच्या वेळी बेरजा तीच तपासायला लावते.

बहुतेकांचं बिनसतं ते हे सगळं अंथरुणात पडल्या पडल्या, डोक्यातल्या डोक्यात केल्याने. तिथे उलटतपासणी होत नाही, नुसतं चऱ्हाट चालू राहतं. कागद हवाच, आणि शक्यतो त्याच दिवशी. दहा मिनिटं पुरतात. दुसरी चूक म्हणजे नवं वाक्य लिहून वही मिटणं. त्याखाली एक कृती लिहा : 'रिपोर्ट पाठवण्याआधी बेरजा कॅलक्युलेटरवर एकदा करीन.' ती केली नाही, तर वाक्य कितीही शहाणं असो, माणूस होता तिथेच राहतो.

प्रश्न : एकवीस दिवसांत सवय बदलते म्हणतात. खरं का?

उत्तर : त्यावर विसंबू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या साध्या सवयी अंगवळणी पडायला कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस असा हिशेब निघाला. मधला आकडा ६६. विचारांच्या सवयी त्यात मोजलेल्या नव्हत्या. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडलं नाही. म्हणजे वही एक दिवस राहिली, तर दुसऱ्या दिवशी उघडायची.

प्रश्न : मुलगा तीन आठवडे नीट झोपत नाही, जेवत नाही. 'जगून काय करू' म्हणतो. त्याला ही वही लिहायला लावू का?

उत्तर : नको. आत्ता वहीची वेळ नाही. आजच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या आणि तोवर त्याला एकटं सोडू नका. 'मरावंसं वाटतं का?' असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.