लिनक्समध्ये रॅम भरलेली दिसतेय? आधी शेवटचा रकाना वाचा

घाबरू नका, तुमचं मशीन ठणठणीत आहे. डिस्कवरून वाचलेल्या फाइली लिनक्स मोकळ्या रॅममध्ये धरून ठेवतं (हीच कॅश) आणि एखाद्या प्रोग्रामला जागा लागली की ती सोडून देतं. त्यासाठी काहीही सेट करावं लागत नाही.

टर्मिनलमध्ये 'फ्री -एच' (free -h) चालवा. 'फ्री' हा रकाना सोडा, शेवटचा 'अव्हेलेबल' वाचा. ८ जीबीच्या मशीनवर फ्री ३०० एमबी आणि अव्हेलेबल ५ जीबी दिसत असेल, तर निवांत राहा.

नवीन मंडळी हमखास करतात त्या चुका:

- कॅश रिकामी करणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरावीक वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) टाकणं. त्याच फाइली पुन्हा डिस्कवरून वाचाव्या लागतात, मशीन उलट मंदावतं.
- 'कॉपी झाली' दिसताच पेनड्राइव्ह उपटणं. ही चूक सगळ्यात महागात पडते. लिहायचा डेटा काही वेळ रॅममध्येच असतो, म्हणून आधी अनमाउंट करा (पेनड्राइव्ह सिस्टीमपासून रीतसर वेगळा करा) आणि ते पूर्ण होईपर्यंत थांबा.
- घाईने स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) बंद करणं.

स्वॅपिनेसच्या, म्हणजे स्वॅप किती वापरायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगच्या, आकड्यांना सध्या हात लावू नका. अव्हेलेबल खरंच तळाला गेलं, तर टर्मिनलमध्ये 'टॉप' (top) उघडून शिफ्ट-एम दाबा (यादी रॅमच्या वापरानुसार लागते) आणि वरचे दोन-तीन प्रोग्राम कोणते ते कळवा. मग पुढचं बघू.