गर्डर आठ इंची की बारा इंची?

प्रश्न : तळमजला आणि माडी असं आमचं घर आहे. भिंती 9 इंची चिऱ्याच्या, मध्ये 5 इंची स्लॅब, वर कौलं. ओटी आणि माजघर (दोन्ही 10 फूट रुंद) एक करायला मधली भिंत 12 फूट काढायची आहे. माडीवरची 10 फूट उंच भिंत तिच्याच डोक्यावर येते, आढं त्या भिंतीवर आहे. गवंडी म्हणतात, आठ इंची गर्डर पुरे. पुरेल का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : नाही. गर्डर गाळा (दोन टेकूंमधलं अंतर) बघून नव्हे, डोक्यावरचं ओझं बघून ठरतो. तुमच्याकडे दर मीटरला वरची भिंत दीड टन, स्लॅब वापराच्या वजनासकट 1.9 टन, छप्पर साधारण 450 किलो. गर्डरचं स्वतःचं वजन धरून 3.9 टन. टेकू धरून गाळा 3.9 मीटर होतो. एवढ्या ओझ्याखाली आयएसएमबी 200 (म्हणजे आठ इंची, 200 मिमी उंचीचा गर्डर) मधला ताण दर चौरस मिलिमीटरला 330 न्यूटनवर जातो. साधं पोलाद 250 लाच कायमचं वाकतं आणि हिशेबात 165 च धरायचे असतात. मधोमध झोळ 26 मिमी येईल, चालतो 11. दोन आठ इंची शेजारी बसवले तर ताण कसाबसा जमतो, पण झोळ 13 मिमी राहतो आणि माडीच्या गिलाव्याला तडे जातात. दहा इंचीही थोडक्यात कमी पडतो. आयएसएमबी 300, म्हणजे बारा इंची घ्या : ताण 130, झोळ 7 मिमी. साडेतेरा फुटी गर्डर 185 किलोच्या आसपास भरेल, उचलायला माणसं तशी ठेवा.

खरी गडबड टोकांना होते. प्रत्येक टोकाला साडेसात टन येतात आणि गर्डर थेट चिऱ्यावर टेकवला तर चिरा चुरतो. भिजलेला तर आणखी लवकर. टोकाखाली भिंतीच्या रुंदीचा, अडीच फूट लांब, फूटभर जाड आरसीसी ब्लॉक हवा. बाजूला तीन फूटही भिंत उरत नसेल तर जमिनीपासून कॉलम उठवा, खाली अडीच बाय अडीच फुटांचं फूटिंग (काँक्रीटचा पाया).

फोडण्याआधी भिंतीत स्लॅबलगत दर तीन फुटांवर भोक पाडून आडवे लोखंडी चॅनेल घाला, दोन्ही बाजूंना लोखंडी जॅक द्या, जॅकखाली जाड फळ्या. गर्डर बसल्यावर वरची फट वाळू-सिमेंटने भरू नका. ते आकसतं आणि जॅक काढताच स्लॅब तेवढा खाली बसतो. लोखंडी पाचरी ठोकून न आकसणारा ग्राउट (फटी भरायचा तयार मसाला) भरा, जॅक सात दिवसांनी काढा.

खाऱ्या हवेत गर्डर आधी गंजतो तो भिंतीत पुरलेल्या टोकांना, कारण पावसाळ्यात चिरा पाणी धरून ठेवतो. म्हणून बसवण्याआधीच घासून झिंक प्रायमर आणि इपॉक्सीचे दोन हात, टोकांना तीन. गिलाव्याला खाडीची वाळू अजिबात नको. काम दिवाळीनंतर काढा. स्लॅबच्या सळ्या कुठल्या दिशेने आहेत यावर वरचे आकडे बदलतात, तेव्हा गर्डर विकत घेण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ते तपासून घ्या.