इलेक्ट्रिक गाडीची रेंज कमी झाली म्हणजे बॅटरीचा वॉरंटी क्लेम मिळेलच असं नाही
भाऊ, रेंज घटली म्हणून चिडणं साहजिक आहे पण डॅशबोर्डवरची रेंज म्हणजे बॅटरीची तब्येत नव्हे, ती तुझ्या चालवण्यावर, एसीवर, थंडीवर वरखाली होते आणि त्या आकड्यावर क्लेम कुणी घेत नाही. कंपनीला लागतो एसओएच (नव्या बॅटरीच्या तुलनेत किती टक्के क्षमता उरली तो आकडा), आणि बऱ्याच वॉरंटीत तो ७० टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय काही होत नाही, ७२ असला तरी हात हलवत परत (वैताग आहे, पण कागदावर तसंच असतं). ओबीडी डोंगल (गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टला लावून मोबाइलवर बॅटरीचा डेटा दाखवणारं छोटं यंत्र) घे, अधूनमधून एसओएचचा स्क्रीनशॉट काढून ठेव. आणि नकार दिला तर तोंडी ऐकून घेऊ नकोस, टेस्ट रिपोर्ट अन् नेमका कुठला नियम लावला ते ईमेलवर माग. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असेल तर आधी एकदा फुल १०० टक्के चार्ज करून बघ, कधीकधी बीएमएसचंच (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सिस्टीमचंच) गणित चुकलेलं असतं.