थिओचं नाव आणि तुझं नाव

देवू राजा,

परवा गाडीत मागच्या सीटवरून तू विचारलंस की आई, थिओकडे बाळ यायचंय, मुलगा आहे, त्याचं नाव जॉर्ज पीटर असं आत्ताच ठरलंय, पण थिओ म्हणतो त्यांच्या नावांना काही अर्थ नसतो, ती नुसती नावं असतात, मग आपल्यातच प्रत्येक नावाला अर्थ का आणि बारशापर्यंत का थांबायचं. तेवढ्यात राउंडअबाउट आला, मी "घरी गेल्यावर सांगते" म्हणाले आणि ते राहूनच गेलं. आता शनिवारच्या मराठी शाळेमुळे तुला जोडाक्षरं येतात म्हणून लिहूनच देतेय, सावकाश वाच, अडलं तर बाबाला विचार.

पहिलं म्हणजे थिओला सांग की त्याच्या नावाला अर्थ आहे. थिओ म्हणजे थिओडोर ना, ग्रीक भाषेत थिओस म्हणजे देव आणि डोरॉन म्हणजे भेट, म्हणजे देवाने दिलेली भेट. आणि तू देवदत्त, दत्त म्हणजे दिलेला, देवाने दिलेला! अरे, रिसेप्शनपासून, म्हणजे शाळेच्या अगदी पहिल्या वर्गापासून, एका टेबलावर बसताय तुम्ही आणि दोघांचं नाव एकच आहे, मला हे कळलं तेव्हा मी किचनमध्ये एकटीच हसत उभी होते. तुमच्या वर्गातल्या मॅथ्यूचं पण तेच, फक्त ते हिब्रूतून आलंय.

मग थिओला हे माहीत का नाही? कारण ही नावं ज्या भाषांमधून आली त्या भाषा इथे घरात कुणी बोलत नाही. फार पूर्वी इंग्लंडमधली नावं आपल्यासारखीच होती, दोन शब्द जोडून केलेली आणि ऐकणाऱ्याला समजणारी. एडवर्ड म्हणजे संपत्तीचा राखणदार, आल्फ्रेड म्हणजे ज्याला एल्फ, ती गोष्टींमधली जादूची माणसं, सल्ला देतात असा. मग १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम हे राज्य जिंकून बसला आणि त्याच्या लोकांची विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री ही नावं सगळीकडे पसरली, बाहेरच्या भाषेतली. विल्यममध्ये इच्छा आणि शिरस्त्राण असे दोन शब्द आहेत, रॉबर्ट म्हणजे ज्याची कीर्ती उजळ आहे तो, आपला यशवंतच म्हण ना, पण शेतात राबणाऱ्या इंग्रज माणसाला ते काय कळणार, त्याने राजाचं नाव म्हणून ठेवलं असेल. जुन्या नावांमधलं एडवर्ड टिकलं ते त्या नावाच्या एका राजाला संत मानायचे म्हणून, तिसऱ्या हेन्रीने १२३९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाचं नाव त्याच्यावरूनच ठेवलं. आणि चर्चमुळे हिब्रू, ग्रीक, आरामाईक नावं आली, जॉन म्हणजे देवाची कृपा (जॅक हे जॉनचंच लाडाचं रूप), थॉमस म्हणजे जुळा, डेव्हिड म्हणजे लाडका. आणि आता तर इंग्लंड-वेल्समध्ये २०२३ साली मुलग्यांचं सगळ्यात जास्त ठेवलेलं नाव मुहम्मद होतं, अरबीत त्याचा अर्थ ज्याची स्तुती होते असा.

आपल्याकडे अर्थ कळतो कारण देव, यश, आनंद हे शब्द आपण रोज वापरतो. तू मराठी बोलतोस म्हणून तुझं नाव तुला कळतं रे, म्हणूनच मी घरात मराठीसाठी एवढी मागे लागते.

बाळाचं जॉर्ज हे नाव मला फार आवडलं. या देशात सहा राजे झाले त्या नावाचे आणि अर्थ काय तर शेतकरी, ग्रीकमध्ये जमीन आणि काम हे दोन शब्द जोडून झालंय. आपले आजोबा असते तर खूश झाले असते.

आणि पीटर. ते थिओच्या आजोबांचं नाव ना? पीटर म्हणजे दगड, खडक. येशूने सायमन नावाच्या कोळ्याला ते नाव दिलं, मराठी बायबलमध्ये त्याला पेत्र म्हणतात. आता ऐक, माझ्या पणजोबांचं नाव धोंडू होतं. धोंडू म्हणजे पण दगडच. त्यांच्या आधीची तीन भावंडं लहानपणीच गेली होती, तेव्हा औषधं नव्हती, मग हा झाल्यावर त्यांच्या आईने मुद्दाम असं नाव ठेवलं की कुणाची नजर लागू नये, दगडाला कोण दृष्ट लावणार. गावोगाव दगडू, धोंडू, केरबा अशी नावं असायची ती यासाठी, त्यांना कुणी हसलं तर हसू देऊ नकोस. ते पणजोबा ऐंशी वर्षं जगले.

तू मध्ये असंही विचारलं होतंस की तुझ्या नावात मधे बाबाचं नाव का. थिओचं आडनाव हॅरिसन, म्हणजे हॅरीचा मुलगा. कधीतरी शेकडो वर्षांपूर्वी त्यांच्यात एक हॅरी होता आणि त्याचं नाव पुढच्या सगळ्यांना चिकटून राहिलं, आपल्यात मात्र दर पिढीला नवीन बापाचं नाव येतं, तुझ्या मुलाच्या नावात मधे देवदत्त असेल.

आता बारसं. इथे बेचाळीस दिवसांत जन्माची नोंद करावी लागते, आपल्यात बाराव्या दिवशी पाळण्यात घालतात आणि नाव ठेवायचा मान आत्याचा. तुझ्या वेळी आत्या साताऱ्यात होती, तिला व्हिसा मिळाला नाही, मग मोझेस बास्केटला, म्हणजे तुला झोपवायच्या टोपलीला, माझी हिरवी साडी गुंडाळली आणि ते दोन खुर्च्यांवर ठेवलं, शेजारच्या काकू खालून आणि मी वरून, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत तुला फिरवलं आणि मग फोन तुझ्या कानाशी धरला. तिकडून आत्या "कुर्रर्र" म्हणाली आणि नाव सांगितलं. आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, ते तिकडे आजीने घातले, आवाज आम्हाला इथे ऐकू आला. तू डोळे मोठे करून फोनकडे बघत होतास. बारा दिवस आम्ही तुला नुसतं बाळ म्हणत होतो, ते नाव पहिल्यांदा तुझ्याच कानात गेलं, मग आमच्या.

बाळ आलं की आपण त्यांच्याकडे घुगऱ्या घेऊन जाऊ, हरभरे मी आदल्या रात्री भिजत घालीन. आणि पीटर आजोबांना धोंडू पणजोबांची गोष्ट तू सांग.

तुझी,
आई