वायरमनला सॉकेटमध्ये ‘लूप’ मारू देऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. तुमची गोरेगावची चार मजली, १९८०च्या सुमाराची इमारत, नवी इलेक्ट्रिक मोटरसायकल, आणि पार्किंगमध्ये चार्जर लावला की लाल दिवा, ‘अर्थ फॉल्ट’. कमिटी म्हणते वीज कंपनीचं पत्र आणा. वायरमन म्हणतो, ‘साहेब, सॉकेटमध्ये एक लूप मारतो, पाच मिनिटांत चालू होईल.’ बाकीचं सावकाश वाचा, पण त्या वायरमनला आत्ताच फोन करून थांबवा.

आधीच सांगतो, मी परवानाधारक इलेक्ट्रिशियन नाही. खालचे आकडे काम करणाऱ्या माणसाशी बोलताना तुमच्या हाताशी असावेत म्हणून देतोय. उघड्या वायरीवरची मोजमापं त्याच्याकडूनच करून घ्या. गाडी कुठली चांगली, रेंज किती, सबसिडी किती यात शिरत नाही, ते तुम्ही बघूनच घेतलेलं दिसतंय.

लूप म्हणजे काय ते नीट समजून घ्या. तीन पिनच्या सॉकेटचं वरचं मोठं भोक अर्थचं, म्हणजे गळती झाली तर करंट जमिनीत नेणाऱ्या वायरीचं. जुन्या इमारतीत तिथे अर्थची वायर आलेलीच नसते, किंवा आलेली असली तरी मीटर रूममधल्या गंजलेल्या पट्टीला नुसती गुंडाळलेली असते. बरेच चार्जर वीज घ्यायच्या आधी अर्थ तपासतात आणि तो सापडला नाही की चालू होत नाहीत. मग वायरमन न्यूट्रलपासून, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीपासून, दोन इंचांचा तुकडा काढून अर्थच्या पिनला जोडतो. चार्जरला वाटतं अर्थ मिळाला. हिरवा दिवा लागतो आणि सगळे खूश.

आता समजा मागे कुठे तरी त्या न्यूट्रलचा स्क्रू सैल झाला. जुन्या कटआउटमध्ये (फ्यूजच्या खोक्यात) तो होतोच, कारण खारी हवा पितळेला चढते आणि जोड तापून-निवून ढिला पडतो. फेज (वीज आणणाऱ्या वायरीतला करंट) चार्जरमधून फिरून न्यूट्रलवर येतो, तिथून परत जायला वाट नसते, आणि त्या दोन इंचांच्या तुकड्यातून तो अर्थच्या पिनवर चढतो. म्हणजे चार्जरच्या धातूच्या पेटीवर २३० व्होल्ट, आणि गाडीचा सांगाडा चार्जरच्या अर्थशी जोडलेला असेल तर थेट हँडलपर्यंत. जुलै महिना, पार्किंगची फरशी ओली, पायात स्लिपर. ही चूक जीव घेते.

त्यात आरसीसीबी, म्हणजे गळती पकडणारा स्विच, तोसुद्धा अशा वेळी फसतो. त्याचं काम फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला का, हे पाहण्याचं, आणि आला नाही तर लाइन तोडण्याचं. लूप असताना चार्जरमध्ये फेज पेटीला टेकला तरी तो करंट लूपमधून न्यूट्रलनेच परत जातो. आरसीसीबीला दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि तो गप्प राहतो. उलट, अर्धवट का होईना, खरा अर्थ कुठून तरी लागलेला असेल तर लूपमुळे आरसीसीबी सारखा ट्रिप होतो. मग हाच वायरमन ‘आरसीसीबी खराब आहे’ म्हणून तो काढतो आणि साधा एमसीबी बसवतो, जो जास्त लोड किंवा शॉर्ट सर्किटलाच पडतो, गळतीला नाही. एक चूक झाकायला दुसरी, तीही पहिलीहून मोठी.

मला हा लूप महागात पडला तो असा: इमारतीच्या मुख्य न्यूट्रलचा जोड सुटला, व्होल्टेज ३००च्या वर गेलं, चार्जर जळला, आणि सर्व्हिस सेंटरने सॉकेट उघडून फोटो मागितल्यावर आतला तुकडा दिसला. वॉरंटी तिथेच संपली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

तुमच्या सॉकेटमध्ये लूप आधीच मारलाय का, हे साध्या मल्टिमीटरने कळतं. फेज-न्यूट्रल २२० ते २४० यायला हवं. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. ते ९०-११० असं मधलंच काही दाखवत असेल, तर अर्थ लोंबकळतोय, जमिनीशी जोडलेला नाही. तिसरं माप सगळ्यात महत्त्वाचं: न्यूट्रल-अर्थ. शेजारच्या सॉकेटमध्ये, पण त्याच लाइनवर, १५०० वॉटची इलेक्ट्रिक किटली लावा आणि ती चालू असताना मोजा. चांगल्या अर्थिंगवर एक-दोन व्होल्ट दिसतात, कारण लोड असताना न्यूट्रलच्या वायरीत थोडं व्होल्टेज पडतंच. लोड असूनही काटेकोर ०.० आलं, तर खूश होऊ नका. तो बहुतेक लूप आहे. वायरमन शून्य दाखवून ‘बघा, एकदम परफेक्ट’ म्हणतात, आणि मोजमापाची सवय नसलेला माणूस विश्वास ठेवतो.

फेज आणि अर्थमध्ये शंभराचा बल्ब लावून बघायची जुनी पद्धत मात्र करू देऊ नका. अर्थ खाली तुटलेला असेल तर त्या अर्थला जोडलेल्या प्रत्येक वस्तूच्या पत्र्यावर तेवढा वेळ करंट येतो, त्यात शेजाऱ्यांचा फ्रिजही आला.

उपाय एकच: खरा अर्थ. इमारतीच्या बाजूला मोकळी माती असेल तर तांबं चढवलेला तीन मीटरचा रॉड ठोकून नवा अर्थ पिट करता येतो. तिथून मीटर रूमपर्यंत पट्टी आणि पट्टीपासून तुमच्या सॉकेटपर्यंत फेजच्याच जाडीची हिरवी वायर. अर्थ टेस्टरवर रीडिंग ५ ओहमच्या आत असावं असा माझा आग्रह. मुंबईत एक फसवणूक होते: पावसाळ्यात माती चिंब असते, त्यामुळे कुठलाही पिट छान रीडिंग देतो. खरं रीडिंग मे महिन्यातलं.

आता लाइन कुठून घ्यायची. पुष्कळ जण चौथ्या मजल्यावरच्या घरातून वायर खाली सोडायचा विचार करतात. गरज नाही. तुमचं मीटर तळमजल्यावर मीटर रूममध्येच असेल. मीटरच्या पुढे, म्हणजे घराकडे जाणाऱ्या बाजूला, डबल पोल आयसोलेटर (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा स्विच) बसवून तिथून स्वतंत्र लाइन पार्किंगला न्या. युनिट तुमच्याच बिलात येतात, त्यामुळे सोसायटीच्या कॉमन मीटरचा वादच उरत नाही. फक्त न्यूट्रल तुमच्याच मीटरचा घ्या. जवळ आहे म्हणून शेजारच्या मीटरचा न्यूट्रल उचलला तर मीटरमध्ये जाणारा-येणारा करंट जुळत नाही म्हणून छेडछाडीची नोंद होऊ शकते.

आरसीसीबी ३० मिलीअँपिअरचा, टाइप ए. चार्जरमध्ये एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर असतो, त्याच्या गळतीत डीसीचे ठोके येतात आणि स्वस्तातला टाइप एसी ते नीट ओळखत नाही. पुढे आणखी दोन-तीन गाड्या आल्या तर प्रत्येकाला वेगळा आरसीसीबी द्या. चार्जरच्या फिल्टरमधून एक-दोन मिलीअँपिअर नेहमीच झिरपतात. सगळ्यांची बेरीज एकाच आरसीसीबीवर आली की तो मध्यरात्री विनाकारण पडतो आणि सकाळी चार जण अर्ध्या चार्जवर उभे.

वायरीचं सांगतो. साधा ७५०-९०० वॉटचा चार्जर चारच अँपिअर घेतो. ६० मीटरवरही अडीच एमएम वायरीत साडेतीन व्होल्टच पडतात, चिंता नको. पण तुमची मोटरसायकल मोठ्या बॅटरीची आहे आणि पुढे ३ किलोवॉटच्या आसपासचा चार्जर घ्यायचा विचार असेल, तर करंट १४ अँपिअरपर्यंत जातो. तेव्हा ६० मीटरवर अडीच एमएममध्ये बारा व्होल्ट पडतात, चार एमएममध्ये सात-आठ. ३० मीटरच्या पुढे सरळ चार एमएमच टाका, पुन्हा भिंत फोडण्यापेक्षा ते स्वस्त. त्या लोडला घरगुती सॉकेटही तासन्‌तास तापून पिवळं पडतं, निळा इंडस्ट्रियल सॉकेट घ्या. आणि तो जमिनीपासून किमान सव्वा मीटर उंच. तुमच्या पार्किंगच्या भिंतीवर जुन्या पाण्याची रेघ असेल, तिच्याही वर.

परवानगीच्या फेऱ्याबद्दल. वीज कंपनीच्या ज्या कार्यालयात माझं काम अडकलं त्याचं नाव लिहीत नाही. खिडकीवरचं उत्तर असं: इलेक्ट्रिक गाडी म्हणजे वेगळं मीटर, वेगळ्या मीटरला सोसायटीचं पत्र. सोसायटी म्हणते आधी कंपनीचं पत्र. पाच आठवडे गेले आणि त्या पाच आठवड्यांचा एकही कागद हातात नव्हता, कारण सगळं तोंडी. खरा घोळ तिथे होता. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला मुदत लागू होत नाही. अर्ज लेखी द्या, पोच आणि आवक क्रमांक घ्या.

घरच्या मीटरवरून चार्जिंग हा घरगुतीच वापर आहे. बिलावरचा मंजूर भार बघा. चार्जर धरून तो ओलांडत असेल तर फक्त भारवाढीचा अर्ज करा आणि सोबत परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडा. वेगळं मीटर हवंच असेल तर विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० मध्ये फेब्रुवारी २०२४ ला दुरुस्ती झाली आहे: गाडीच्या चार्जिंगसाठी ग्राहकाला स्वतंत्र जोडणी मागता येते, आणि महानगरात नव्या जोडणीची मुदत ७ दिवसांवरून ३ दिवस केली आहे. अर्जात या दुरुस्तीचा उल्लेख करा. तरीही ढकलाढकल झाली तर आधी कंपनीचा अंतर्गत तक्रार कक्ष, मग ग्राहक तक्रार निवारण मंच.

कमिटीशी भांडू नका. त्यांची भीती आगीची आणि ‘उद्या सगळेच मागतील’ याची असते, आणि दोन्ही रास्त आहेत. पत्रासोबत सिंगल लाइन ड्रॉइंग (लाइन कुठून कुठे जाते याचा साधा आराखडा), अर्थचं रीडिंग, आरसीसीबीचा तपशील आणि वायर कुठल्या भिंतीवरून कशी जाईल याचा फोटो द्या. जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंग करणार नाही, हे लिहून द्या. निघणारी बॅटरी घरात चार्ज करत असाल तर तीही कधी दाराजवळ नको. काही पेटलं तर तुमची बाहेरची वाटच बंद होते.

पावसात आणि साचलेल्या पाण्यात गाडीचं काय, असंही तुम्ही विचारलंय. बॅटरी बहुतेक आयपी ६७ असते, म्हणजे एक मीटर स्वच्छ, स्थिर पाण्यात अर्धा तास. हिंदमाता किंवा मिलन सबवेचं पाणी ना स्वच्छ ना स्थिर. त्यात गाडी घालू नका. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर चार्जिंगला लावण्याआधी पोर्ट पूर्ण सुकू द्या. धुताना प्रेशर पंपाची धार कनेक्टरवर नको. ओल्या पेव्हर ब्लॉकवर आणि रंगाच्या पट्ट्यांवर जास्तीचं रिजेन (थ्रॉटल सोडल्यावर मोटरनेच वेग कमी करून बॅटरीत वीज परत भरणं) मागचं चाक सरकवतं, तेव्हा पावसात ते एक पायरी खाली ठेवा. बॅटरी पूर्ण भरलेली असताना रिजेन जवळजवळ लागतच नाही, हेही पहिल्या उतारावर लक्षात ठेवा.

खर्चाचा हिशेब लोक सरासरी दराने करतात, तो चुकतो. रोज ४० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस धरले तर भिंतीतून साधारण ४० युनिट जातात. ते तुमच्या बिलाच्या सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये पडतात. घराचा वापर २८० असेल तर त्यातले २० युनिट ३००च्या पुढच्या दराने लागतील. तरीही पेट्रोलपेक्षा कितीतरी कमी.

आणि वीज कोळशाचीच ना, असं कुणी म्हणालं तर हा हिशेब द्या: देशाच्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे तुमच्या गाडीला किलोमीटरमागे २८ ग्रॅम. लिटरला ४५ देणारी पेट्रोल बाइक ५१ ग्रॅम सोडते, तेही शेजारच्याच्या नाकाखाली. गच्चीवर सोलर आलं तर हा आकडा आणखी खाली जाईल. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला, त्यात गाड्यांचं चार्जिंगही धरलेलं आहे, किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. कमिटीपुढे हा विषय तुमचं काम झाल्यावर काढा, आधी नको, नाहीतर दोन्ही लटकतील.

मेन बंद करून सॉकेट उघडा आणि आतला फोटो इथे टाका, सोबत मीटर रूममधल्या अर्थच्या पट्टीचाही. किटली लावून घेतलेली तिन्ही मापं लिहा. पिट नवा करावा लागेल की जुनी पट्टी घासून, नवा लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) लावून भागेल, ते त्यावरून सांगतो.