स्पॅमअसॅसिनची लॉग फाइल सापडतच नाही, ती असते तरी कुठे?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: उबंटू लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा सर्व्हर), अमाविस (मध्ये बसून मेल तपासणारा) आणि स्पॅमअसॅसिन (स्पॅम ओळखून गुण देणारा). गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी स्पॅममध्ये पडतायत, आणि /व्हार/लॉग/मेल.लॉग मध्ये 'स्पॅमडी' ग्रेप केलं, म्हणजे शोधलं, तर एकही ओळ येत नाही.

लॉग कुठे हरवलेला नाही. स्पॅमडी, म्हणजे स्पॅमअसॅसिनचा पाठीमागे सतत चालणारा प्रोग्राम, तुमच्याकडे कामालाच नाहीये. अमाविस स्पॅमअसॅसिनला पर्लची लायब्ररी म्हणून स्वतःच्या पोटात घेऊन चालवतो, त्यामुळे स्पॅमडी सुरू असो की बंद, त्याला कोणी हाकच मारत नाही. जे काही लिहायचं ते अमाविसच्या नावाने लिहिलं जातं. मी नागपुरात छोट्या कारखान्यांचे मेल सर्व्हर सांभाळतो, आणि पहिल्या वर्षी याच फाइलच्या शोधात अख्खी दुपार घालवली होती, तीही मे महिन्यातली, कूलर बंद असताना.

मुळात स्पॅमअसॅसिनची स्वतःची अशी फाइल नसतेच. स्पॅमडी चालत असला तरी तो सिसलॉगच्या (सिस्टिमच्या सामायिक नोंदवहीच्या) 'मेल' खात्यात लिहितो, आणि ते खातं कुठल्या फाइलीत ओतायचं हे आरसिसलॉग हा नोंदी लिहिणारा प्रोग्राम ठरवतो. उबंटूवर मेल.लॉग, रेडहॅटच्या घराण्यात मेललॉग, मधला टिंब नाही. डेबियन १२ पासून आरसिसलॉग आपोआप येत नाही, तिथे जर्नलसीटीएल या कमांडला विचारायचं. आरस्पॅमडी हा दुसराच स्पॅम गाळणारा प्रोग्राम, तो वेगळा, त्याचं /व्हार/लॉग/आरस्पॅमडी हे आपलं घर आहे.

आता तुमचं काम. मेल.लॉगमध्ये 'अमाविस' शोधा. दर मेलमागे 'पास्ड क्लीन' किंवा 'ब्लॉक्ड स्पॅम' अशी एक लांबलचक ओळ दिसेल, आणि तिच्यात 'हिट्स:' पुढे गुण. ही ओळ शोधताना क्यू आयडीवर, म्हणजे पोस्टफिक्स रांगेतल्या मेलला देतो त्या खुणेवर, विसंबू नका. पोस्टफिक्स मेल १००२४ पोर्टवर अमाविसला देतो, अमाविस तपासून १००२५ वर परत करतो, आणि परत आलेल्या मेलला पोस्टफिक्स नवाच क्यू आयडी लावतो. पहिला आयडी धरून बसलात तर मेल अर्ध्या रस्त्यात गायब झाल्यासारखा वाटतो. मेलच्या हेडरमधला मेसेज-आयडी मात्र दोन्हीकडे तोच राहतो. तो धरा.

नुसत्या गुणांवरून कळत काहीच नाही, कोणत्या नियमाने मारलं ते हवं. /ईटीसी/अमाविस/कॉन्फ.डी मधल्या ५०-यूजर फाइलीत लॉग_लेव्हल (लॉगमध्ये किती तपशील लिहायचा तो आकडा) २ करा, अमाविस रीस्टार्ट करा. मग 'स्पॅम-टॅग' ओळीत नियमांची नावं आणि प्रत्येकाचे गुण येतात. त्यात यूआरआयबीएल_ब्लॉक्ड दिसलं तर घाबरू नका. तो मेल वाईट आहे असं त्याचं म्हणणं नाही. तुमचा सर्व्हर गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारतोय म्हणून यूआरआयबीएल या वाईट लिंकांच्या यादीने उत्तर द्यायला नकार दिलाय, एवढंच. अनबाउंड हा प्रोग्राम टाकून स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनसची उत्तरं शोधून आणणारा) चालवा, आणि त्यात पुन्हा ८.८.८.८ कडे फॉरवर्ड करू नका, नाहीतर केलं न केलं सारखंच.

एवढं करूनही ओळ सापडत नसेल तर घड्याळ बघा. बुटीबोरीच्या एका कारखान्यातले खरेदीवाले काका ठासून सांगत होते, "सव्वा अकराला पाठवलाय म्हणते पार्टी." मी सव्वा अकराच्या आसपास चाळतोय, काही नाही. काकांचा आवाज चढत चाललेला. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, होता. आपले साडेपाच तास वजा करून पावणेसहाला बघितलं, मेल तिथे निवांत बसलेला. जुन्या पद्धतीच्या लॉगमध्ये वेळेपुढे टाइमझोन लिहिलेला नसतो, त्यामुळे संशयही येत नाही. जुना मेल असेल तर फाइल लॉगरोटेटने गुंडाळून ठेवलेली असते, मेल.लॉग.२.जीझेड अशा नावाने. तिथे साधं ग्रेप उपयोगाचं नाही, झेडग्रेप वापरा.

आणि काम झालं की लॉग_लेव्हल परत ० करा. माझ्याकडून एकदा ५ वर राहून गेली होती. शनिवारी रात्री व्हार पार्टिशन भरलं, मेल घेणं बंद, आणि रविवारी तर्री-पोह्यांची प्लेट अर्धी टाकून मला बुटीबोरी गाठावी लागली.